पाण्याकाठची भिंत : तिचे दुखणे आणि तिची दुरुस्ती

मनुष्याने बांधलेल्या सर्व भिंतींमध्ये पाण्याकाठची भिंत ही सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत दुर्लक्षित होय. घराची भिंत छपराचा भार वाहते. अंगणाचा गडगा केवळ स्वतःचाच भार वाहतो. परंतु नदीच्या किंवा खाडीच्या काठी उभ्या असलेल्या भिंतीस मागून मातीचा रेटा आणि पुढून लाटांचा मारा असे दोन्ही सोसावे लागतात; शिवाय तिच्या पायाखालची जमीनही दर भरती-ओहोटीस थोडीथोडी हलत असते. ती उभी असते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. ज्या दिवशी ती कोसळते, त्या दिवशी मात्र सारा गाव तिच्याभोवती जमतो, आणि तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

विद्यार्थिमित्रहो, ही भिंत का ढासळते, ढासळण्यापूर्वी ती कोणकोणत्या खुणा करते, आणि तिची किरकोळ दुरुस्ती आपल्या हातांनी कशी करता येते, हे समजून घेणे आपल्यासारख्या खाडीकाठच्या लोकांस फार अगत्याचे आहे. आपल्यापैकी कित्येकजण रोज बांधावरून चालत शाळेत येतात. ज्यावर आपण पाऊल ठेवतो, त्याची प्रकृती कशी आहे हे आपणांस ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खाजन आणि त्याचा रखवालदार

गोमंतकात सुमारे १८,००० हेक्टर जमीन 'खाजन' या नावाने ओळखली जाते. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ इत्यादी नद्यांच्या खाऱ्या पाण्यातून आपल्या पूर्वजांनी बांध घालून ही जमीन मिळविली. तिचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणजे बांध नसता तर तेथे शेत नसते. दिवसातून दोनदा खारे पाणी खेळले असते. हा उद्योग किती जुना आहे याची साक्ष बांदोडे येथे सापडलेला अनिर्जितवर्मन् या मौर्यकुलीन राजाचा ताम्रपट देतो. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या या लेखात 'खज्जन' भूमीचा उल्लेख आहे. पुढे पोर्तुगीज अमदानीत, १५२६ साली, अफोंसो मेक्सिया याने गावकऱ्यांच्या चालीरीती 'फोराल' नावाच्या दस्तऐवजात नमूद करून ठेवल्या. राज्ये आली आणि गेली. परंतु बांध घालण्याची आणि राखण्याची विद्या गावाच्या हातून हातात जात राहिली.

बांधाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. पोटात चिकणमाती, तिला धरून ठेवण्यासाठी गवताचा पेंढा आणि बांबू, आणि नदीच्या अंगास जांभ्या दगडाची, म्हणजे चिऱ्यांची किंवा ओबडधोबड धोंड्यांची भिंत. ही भिंत मुख्यतः चुन्यावाचून, दगडावर दगड बसवून रचलेली असते. जागोजाग 'मानस' असते. भरती चढू लागली की पाण्याच्या रेट्यानेच मानशीची लाकडी दारे बंद होतात. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या रेट्याने ती उघडतात आणि शेतातील जादा पाणी नदीत निघून जाते. भिंतीपुढे, चिखलात, खारफुटीची रांग उभी असते. ती लाटांचा पहिला तडाखा आपल्या अंगावर घेते.

हा बांध फुटला म्हणजे केवळ एका शेतकऱ्याचे नुकसान होते असे नव्हे. खारे पाणी एकदा आत शिरले की ते मर्यादा जाणत नाही. खारेपणा सोसणारे कोरगुटासारखे भात काही अंशी तग धरते, परंतु तेही खाऱ्या पाण्यात बुडून राहिले तर वाचत नाही. जमिनीत मुरलेले मीठ धुऊन जाण्यास एकाहून अधिक पावसाळे लागू शकतात. जवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. एका ठिकाणी हातभर भगदाड आणि अवघ्या खाजनाची नासाडी, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच भिंतीचे दुखणे वेळीच ओळखणे महत्त्वाचे.

भिंत कोणामुळे पडते?

हा प्रश्न कोणासही विचारा, तो नदीकडे बोट दाखवील. लाटा आदळतात, म्हणून भिंत पडते, असा आपला सर्वांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पाण्याकाठची भिंत पुष्कळदा पडते ती पुढच्या पाण्यामुळे नव्हे, तर मागच्या पाण्यामुळे.

थोडे गणित करून पाहू. भिंत दोन मीटर उंच आहे आणि तिच्या मागे साधारण भुरभुरीत, कोरडी माती आहे असे समजा. अशी माती भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीस सुमारे १.२ टन रेटा देते. आता पावसाने तीच माती माथ्यापर्यंत भिजली आणि पाण्यास बाहेर पडण्यास वाट नाही, असे समजा. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. दोन मीटर खोलीवर तो दर चौरस मीटरास दोन टन होतो. वरपासून खालपर्यंत बेरीज केली असता एकट्या पाण्याचाच रेटा प्रत्येक मीटर लांबीस दोन टन भरतो. मातीचे कण पाण्यात तरंगल्यासारखे हलके होतात, त्यामुळे त्यांचा स्वतःचा रेटा काहीसा कमी होतो. तरीही एकूण रेटा सुमारे २.७ टनांवर जातो. म्हणजे भिंत तीच, माती तीच; केवळ पाणी अडकल्यामुळे ओझे दुपटीहून अधिक झाले.

या गणितातच उपायही दडलेला आहे. पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मागे साचलेले पाणी दोन मीटरांवरून एका मीटरावर उतरविता आले, तर पाण्याचा रेटा निम्मा होत नाही. तो पावपट होतो. दोन टनांचा अर्धा टन उरतो. भिंत जाड करण्यास पैसा लागतो, पाण्यास वाट करून देण्यास बहुधा केवळ अक्कल लागते.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. अशा भिंतीस धोक्याची वेळ भरतीची नसून ओहोटीची असते. भरतीच्या वेळी पुढचे पाणी भिंतीस पुढून टेका देते. ओहोटी लागली की हा टेका निघून जातो. परंतु मागच्या मातीत मुरलेले पाणी तितक्या त्वरेने उतरत नाही. मागून पूर्ण रेटा आणि पुढे रिकामे, अशा स्थितीत भिंत सापडते. त्यातच पायाकडील दगड नुकते पाण्यातून बाहेर येत असतात. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन कमी भासते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत आपण वर्गात शिकलो आहोत. त्या न्यायाने ओल्या पायाची पकडही सैल झालेली असते. मुसळधार पाऊस, अमावास्येचे उधाण आणि त्यामागून उतरणारी ओहोटी, हा योग भिंतीच्या कुंडलीतील सर्वांत वाईट योग होय.

भिंतीच्या नाशाची दुसरी कारणेही आहेत. पहिले, पायाची धूप. लाटा आणि प्रवाह भिंतीच्या पायथ्याचा चिखल उकरून नेतात, आणि मग तिचा पुढचा कड अधांतरी राहतो. मोठ्या होड्या व बार्जा काठाजवळून वेगाने गेल्या म्हणजे उठणाऱ्या लाटा हेच काम अधिक झपाट्याने करतात. दुसरे, बिळे. खेकडे आणि उंदीर बांधात बिळे करतात. भरतीचे पाणी त्या वाटेने आत शिरते आणि जाताना मातीचे कण बरोबर नेते. बोटाएवढे भोक असे करता करता बाहूएवढे होते. तिसरे, झाडांची मुळे. भिंतीपुढील खारफुटी ही मैत्रीण, परंतु भिंतीच्या सांध्यात रुजलेले वडापिंपळाचे रोपटे हा शत्रू. चौथे, माथ्यावरील भार. पायवाटेसाठी घातलेल्या बांधावरून ट्रक नेले, किंवा त्यावर चिऱ्यांचे ढीग रचून ठेवले, तर तो भार शेवटी भिंतीसच रेटतो.

एक घातक उपचार

दगडांच्या फटींतून पाणी पाझरताना दिसले की मनुष्यास प्रथम सुचते ते सिमेंट. दोन गोणी सिमेंट आणून भिंतीचे तोंड लिंपून टाकले जाते. भिंत गुळगुळीत दिसते आणि मालकास समाधान वाटते. परंतु वरील गणित ज्यास समजले, त्यास हा उपचार नव्हे, अपकार आहे हे कळेल. सुक्या रचणीच्या भिंतीचे बळ तिच्या फटींतच आहे. पाणी फटींतून निघून जाते म्हणून मागे रेटा साचत नाही. फटी बुजविल्या म्हणजे भिंतीस आपण बंधाऱ्याचे काम सांगतो, आणि तिच्या अंगी ते बळ नसते. एखाद्या पावसाळ्यात गिलाव्यास फुगवटा येतो, मग आडवी चीर पडते, आणि अखेर गिलावा आणि दगड दोन्ही एकत्रच खाली येतात. गिलाव्यात लोखंडी सळ्या किंवा जाळी घातली असेल, तर खाऱ्या पाण्याने ती गंजते, फुगते आणि सिमेंट आतून फोडते.

येथे एक भेद मात्र नीट लक्षात ठेवावा. पाझर हा नेहमीच रोग नसतो. पाझरणारे पाणी स्वच्छ असेल, तर भिंत आपले काम करीत आहे असे समजावे. ते गढूळ असेल, तर मागची माती वाहून चालली आहे आणि भिंतीच्या पोटात पोकळी होत आहे असे समजावे. स्वच्छ पाणी जाऊ द्यावे आणि माती अडवावी, हेच सगळ्या दुरुस्तीचे सूत्र आहे.

नाडीपरीक्षा

वैद्य जसा औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, तशी भिंतीची आधी परीक्षा करावी. ती दोनदा करावी, एकदा पूर्ण ओहोटीस आणि एकदा भरती उतरू लागताना. ओहोटीस पायथा उघडा पडतो. पायाखाली काठी घालून पोकळी आहे की काय ते पाहावे. भरती उतरू लागताना कोठून पाणी येते, स्वच्छ की गढूळ, हे पाहावे. भिंतीमागील जमिनीवर खड्डा पडला असेल किंवा भिंतीला समांतर चीर गेली असेल, तर आत माती सरकू लागली आहे हे निश्चित.

माथ्यापासून ओळंबा सोडून भिंत किती कलली आहे ते मोजावे. चुन्यावाचून रचलेली चांगली भिंत मुळातच मागे, म्हणजे मातीकडे, थोडी कललेली असते. ती पुढे, पाण्याकडे, झुकलेली आढळली किंवा मधोमध पोट सुटलेली आढळली, तर दुखणे जुने आहे. भेगांच्या दोन्ही कडांवर रंगाची खूण करून, त्यांमधील अंतर आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. महिनाभराने पुन्हा मोजावे. जी भेग वाढत नाही ती जुनी जखम. जी वाढते ती वाहती जखम. हे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांस सहज करता येण्याजोगे आहे. त्यास लागते ते एक दोरी, एक पट्टी, एक वही आणि नियमितपणा. मोजताना मात्र भिंतीच्या माथ्यावरून किंवा बाजूने मोजावे. झुकलेल्या भिंतीच्या पुढ्यात खाली उभे राहू नये, आणि पाण्याच्या काठी मुलांनी वडील माणसांवाचून जाऊ नये.

परीक्षेनंतर आपल्या शक्तीचाही अंदाज घ्यावा. कमरेएवढ्या उंचीची भिंत, काही दगड निखळलेले, थोडी माती वाहून गेलेली, असे काम चारपाच माणसे हातांनी करू शकतात. परंतु भिंत पुरुषभर उंच असेल, तिच्यालगत घर किंवा रस्ता असेल, किंवा ती उघडउघड सरकू लागली असेल, तर तेथे हौस उपयोगाची नाही; जाणत्या अभियंत्यासच बोलवावे. कोसळणारे दगड आणि ओली माती माणसास क्षणात गाडून टाकतात.

आणखी एक पायरी वगळू नये. खाडीकाठ हा कोणाही एकाचा नसतो. किनारी विभागासंबंधीच्या २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेत गोव्यातील खाजन जमिनींच्या रक्षणाची खास तरतूद आहे, आणि खारफुटी तोडण्यास मनाई आहे. म्हणून पंचायतीस आधी कळवावे, किनारी विभागाची परवानगी लागते काय ते विचारावे, आणि शेताच्या बांधाचे काम असेल तर कृषी संचालनालयाच्या मृद्संधारण विभागाकडे जावे. जुनी भिंत होती तशी सावरणे निराळे आणि नदीत चार हात पुढे सरकून नवी भिंत घालणे निराळे. दुसरे केले तर प्रवाह वळतो आणि शेजाऱ्याचा काठ खाऊ लागतो.

मुहूर्त

या कामास खराखुरा मुहूर्त लागतो, आणि तो पंचांगातच सापडतो. मांडवी-जुवारीच्या मुखाशी उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे २.३ मीटर अंतर पडते. भांगाच्या वेळी ते सुमारे एक मीटरच असते. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते, भांग अष्टमीच्या आसपास. पायाच्या तळाशी काम करावयाचे तर पाणी खूप खाली उतरणारी उधाणाची ओहोटी उपयोगी. परंतु अर्धवट उघडी भिंत किंवा बांधाचे भगदाड मात्र भांगाच्या दिवसांतच बुजवावे, कारण त्या वेळी पाण्याचा जोर कमी असतो. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे असतात. त्यांतील पाण्याच्या तळाशी काम करण्याजोगे तास थोडेच. म्हणून दगड, माती, हत्यारे आणि माणसे आधीच काठावर तयार हवीत. ऋतूचे म्हणाल तर पावसाळा संपून जमीन सुकल्यावर, म्हणजे पौष-माघापासून वैशाखापर्यंतचा काळ उत्तम. मृग निघाल्यावर बांध उकरणारा मनुष्य संकटास आमंत्रण देतो.

दुरुस्तीची रीत

प्रथम माथ्यावरील भार उतरवावा. त्यानंतर भिंतीचा एक लहानसा तुकडा, फार तर दोन मीटर लांबीचा, हाती घ्यावा. सारी भिंत एकदम उकलू नये. दोन्ही बाजूंचे शाबूत भाग उघड्या तुकड्याच्या मागील मातीस आधार देतात. वरपासून दगड काढीत यावे आणि ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने मांडून ठेवावे. मागची माती उभी न कापता उतरती कापावी, म्हणजे ती अंगावर येत नाही.

पाया हा भिंतीचा प्राण. मऊ चिखल काढून घट्ट थर लागेपर्यंत खाली जावे, आणि पायाचा तळ किंचित मागे, जमिनीकडे, उतरता ठेवावा, म्हणजे भिंतीची घसरण्याची वृत्ती मोडते. पायाची रुंदी भिंतीच्या उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी, हा व्यवहारातील ठोकताळा आहे. सर्वांत मोठे आणि सर्वांत जड दगड पायात घालावेत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेत कठीण होतो. म्हणून ताजा चिरा पायात घालू नये, काही काळ उन्हात राहिलेला घालावा. जेथे काळा दगड मिळतो तेथे पायथ्यास तोच घालणे बरे, कारण लाटांच्या घर्षणास तो अधिक टिकतो.

रचणी करताना तीन नियम पाळावेत. एकाखाली एक सांधा येऊ देऊ नये. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या दगडाचा मध्य यावा. प्रत्येक थर मागे थोडा सरकवीत न्यावा, म्हणजे भिंत मातीकडे कलती राहते. आणि दर मीटरभर अंतरावर एखादा लांब दगड असा आडवा घालावा की त्याचे शेपूट मागच्या मातीत खोल जाईल; तो भिंतीस मातीशी बांधून ठेवतो. दगड डुगडुगत असेल तर मागून लहान कपची ठोकून तो स्थिर करावा. पुढच्या बाजूने ठोकलेली कपची लाटांनी निखळते.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची वाट. भिंतीच्या लगत मागे मुठीएवढे धोंडे भरावेत, त्यामागे बारीक खडी, त्यामागे जाड रेती, आणि मग माती. जाडापासून बारीकाकडे जाणारी ही गाळणी पाणी सोडते आणि माती अडविते. हल्ली यासाठी जिओटेक्स्टाईल नावाचे कापड मिळते. ते खडी आणि माती यांच्यामध्ये पसरले तरी तेच कार्य होते. भिंत सिमेंटात बांधलेली असेल, तर तिच्यात दर दीड-दोन मीटरांवर तीन-चार इंच व्यासाच्या नळ्या पुढे उतरत्या बसवाव्यात आणि त्यांच्या मागील तोंडाशी हीच गाळणी ठेवावी. गाळणीवाचून बसविलेली नळी लवकरच चिखलाने बुजते, किंवा त्याहून वाईट, सारी माती तिच्यातून वाहून जाते. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. ही युक्ती मागे उंच जमीन असलेल्या काठाच्या भिंतीसाठी आहे. खाजनाच्या बांधाच्या पोटात चिकणमातीचा गाभा अखंड हवा; तो फोडून नळी घातली तर भरतीचे पाणी त्याच वाटेने शेतात शिरेल. तेथे गाळणी दगड आणि गाभा यांच्या मधोमध राहावी, आणि शेतातील पाणी मानशीतूनच बाहेर जावे.

माती परत भरताना ती एकदम ओतू नये. वीतभर जाडीचा थर घालावा, धुम्मसाने ठोकावा, मग दुसरा थर. बिळे आढळल्यास ती केवळ तोंडाशी बुजवून भागत नाही. शेवटपर्यंत उकरून चिकणमातीने ठासून भरावी लागतात. माथ्यास बाहेरच्या अंगी हलका उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीमागे मुरणार नाही, आणि वर गवत लावावे. शेवटी पायथ्यापुढे चिखलात मोठ्या धोंड्यांची पसरण घालावी. लाट प्रथम तिच्यावर फुटते आणि पाया सुरक्षित राहतो. त्यापुढे जागा असेल आणि तशी मुभा असेल, तर पावसाळ्यात कांदळाची रोपे लावावीत. त्याचे बी झाडावरच रुजते व लांब शेंगेसारखे लोंबते, हे आपण खाडीकाठी पाहिलेच असेल. ते चिखलात उभे खोवले की झाले.

बांधास भगदाडच पडले असेल तर रीत थोडी निराळी. लोक धावत जाऊन मधोमध मातीच्या गोणी टाकतात आणि पाणी त्या वाहून नेते. शहाणा मनुष्य प्रथम भगदाडाच्या दोन्ही कडा दगडांनी आणि गोणींनी बांधून घेतो, म्हणजे ते रुंद होण्याचे थांबते. मग भांगाच्या ओहोटीस पोफळीच्या किंवा बांबूच्या मेढींच्या दोन रांगा ठोकून त्यांमध्ये पेंढा आणि चिकणमाती ठासतो. भगदाडाच्या जागी पाण्याने खोल डोह केला असेल, तर तो भरण्याच्या नादी न लागता, त्यास वळसा घालून आतल्या अंगाने अर्धचंद्राकार बांध घालणे सोपे पडते.

काम संपले म्हणून देखरेख संपत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पहिल्या उधाणानंतर पुन्हा पाहावे. निखळलेला एक दगड त्याच दिवशी बसविला तर एका माणसाचे अर्ध्या तासाचे काम. पावसाळाभर तसाच ठेवला तर दहा माणसांचे आठवड्याचे.

भिंत कोणाची?

येथवर दगडमातीचा विचार झाला. परंतु भिंतीस आणखी एक दुखणे असते, आणि त्यावर धुम्मस चालत नाही. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकरीची असे. उत्पन्नातून त्यासाठी हिस्सा काढलेला असे, आणि कोणी केव्हा बांधावर यावयाचे हे ठरलेले असे. १९६१ नंतर काळ पालटला. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास जमिनीत हक्क आणि संरक्षण मिळाले, ही न्यायाची गोष्ट झाली. पुढे कुळांनी संघटना करून बांध सामाईकपणे राखावेत अशी व्यवस्था करण्यात आली. काही ठिकाणी ती चांगली चालली. काही ठिकाणी मात्र शेती सुटली, माणसे शहरांत आणि परदेशी गेली, आणि बांध गावकरीचा की कुळांचा की सरकारचा, हा वाद चालू असता तो पाण्याचा झाला. ज्याचा हात कोणीही धरीत नाही, त्यास नदी धरून नेते.

वास्तविक बांध हा समाईकपणाचा मूर्तिमंत पाठ आहे. माझ्या वाट्याची दहा हात भिंत मी कितीही भक्कम केली आणि शेजाऱ्याची कच्ची राहिली, तर पाणी शेजाऱ्याच्या वाटेने येऊन माझेच शेत बुडविते. म्हणून येथे स्वार्थ आणि परमार्थ या दोन वाटा नव्हेतच. दोन्ही एकाच बांधावरून जातात.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत आपल्या घराजवळच्या बांधावर घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन एकवार जा. ओहोटीची वेळ पाहून जा. कोठे पाझर आहे, तो स्वच्छ की गढूळ, कोठे दगड निखळला आहे, कोठे पायथा उघडा पडला आहे, हे वहीत टिपून घ्या आणि तारीख घाला. गावात ज्यांनी पूर्वी बांधाचे काम केले आहे असे एखादे आजोबा असतील, तर त्यांना ती वही दाखवा आणि ते काय सांगतात तेही तिच्यात लिहा. कारण ही विद्या पुस्तकांत थोडी आणि अशा हातांतच अधिक आहे, आणि ते हात आता थकत चालले आहेत. मग ती वही पंचायतीपुढे ठेवा. आपल्या टिपणाने भिंत लगेच उभी राहील असे नव्हे. परंतु ती पडण्यापूर्वी कोणीतरी तिच्याकडे पाहिले होते, असे तरी होईल. दुरुस्तीचा आरंभ नेहमी तेथूनच होतो.